नातवाचा सीझन

परवा रविवारी सकाळी पुण्याहून नातवाचा फोन आला. एरवी त्याचा फोन म्हणजे "आजी, कशी आहेस, गोळ्या घेतल्यास का," एवढ्यावर संपतो. या वेळी स्वर जरा वेगळा होता. म्हणाला, "आजी, मला एक सीझन खेळायचाय. बाबांशी तू बोल."

आम्हा नाशिककरांना सीझन म्हणजे द्राक्षांचा, लग्नांचा, फार तर आंब्याचा. याला खेळायचा होता तो गोल्फचा. पोरगं अकराव्या वर्षापासून खेळतंय. इंजिनिअर झालं, दोन वर्षं नोकरी केली, आणि आता म्हणतंय नोकरी सोडतो. व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या टूरवर जागा मिळावी म्हणून पात्रता स्पर्धा दिली, ती थोडक्यात हुकली. आता त्याच्या खालची जी टूर असते, नव्या मुलांना तयार करणारी, तिच्यावर एक वर्ष गावोगाव हिंडायचं. माझा मुलगा म्हणतो, "हे वेड आहे." नातू म्हणतो, "एकच सीझन." आणि मध्ये मी! मध्ये असण्याचं कारण फक्त प्रेमाचं नाही हो. माझ्या निवृत्तीच्या पैशातली एक मुदत ठेव याच वर्षी सुटते आहे, आणि ते दोघांनाही ठाऊक आहे.

मी आयुष्यभर कॅम्पातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. कुठलाही प्रश्न समोर आला की याआधी काय झालं होतं ते बघायचं, ही खोडच लागली आहे. मुलाला म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. मी जरा वाचते." तो हसला. म्हणाला, "आई, तुला बोगी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" मला बोगी म्हटलं की पंचवटी एक्सप्रेस आठवते, हे कबूल. तरी वाचलं. एका माणसाला भेटूनही आले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण नातेवाइकांपैकी अर्ध्यांनी मला या विषयावर आधीच फोन करून झाले आहेत.

सुरुवात घरापासून. नाशिकला गोल्फ काही नवा नाही. आपल्या शहराच्या मध्यावर गोल्फ क्लबचं मैदान आहे. त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला आजही "गोल्फ क्लब" म्हटलं की लगेच कळतं. तिथे सभा झाल्या, रणजीचे सामने झाले, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा रोज असतात. फक्त गोल्फ तेवढा नाही. साहेब गेला, खेळ गेला, नाव राहिलं. आणि ज्या अनंत कान्हेऱ्यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यांचं नाव त्या मैदानाला मिळालं. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना विचारायची, "एकाच मैदानाला दोन नावं का?" मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "बाई, एक साहेबाचं, एक आपलं." त्या मागच्या बाकावरच्याकडे मी पुढे येणार आहेच.

आता आमचा कॅम्प. भगूर, दारणा नदी, लॅम रोडचे जुने बंगले, खंडोबाची टेकडी आणि सरावाच्या तोफा सुटल्या की थरथरणाऱ्या खिडक्यांच्या काचा! बाहेरच्या पाहुण्याला दचकायला होतं, आम्ही हातातला चहा हलू न देता पितो. 1861 पासून इथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई विलायतेला परत जाण्याआधी इथे आणून ठेवत. जहाजं सुटायची ती साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. त्यालाही 'सीझन'च म्हणत. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तर त्याला सबंध उन्हाळा आणि सबंध पावसाळा इथेच बसून काढावा लागे. काम नाही, लढाई नाही, नुसती वाट बघणं. कोणी दारू प्यायला लागे, कोणी भांडणं करून कोठडीत जाई, कोणाच्या डोक्यावर परिणाम होई. त्यातून इंग्रजी भाषेत एक शब्द तयार झाला, 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप! आजही इंग्लंडात डोकं फिरलेल्या माणसाला डूलॅली म्हणतात. आपल्या गावाचं नाव शब्दकोशात गेलं, पण ते असं.

मुलगा "वेड आहे" म्हणाला तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. सीझनची वाट बघत बसणं माणसाला काय करतं, ते आमच्या गावाइतकं कोणाला ठाऊक?

पण मग वाचायला लागले, आणि एक गोष्ट लक्षात आली. आपण गोल्फला श्रीमंतांचा खेळ म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. खेळणारा श्रीमंत, पण त्याच्यामागून पिशवी उचलून चालणारा मुलगा श्रीमंत नव्हता. त्याला कॅडी म्हणतात. बारा-चौदा काठ्यांची जड बॅग खांद्यावर घेऊन पाच-सहा मैल चालायचं, चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवायची, साहेबाला हवी ती काठी हातात द्यायची. गंमत म्हणजे गोल्फचा व्यवसाय पहिल्यापासून चालवला तो यांनीच. खुद्द इंग्लंडात क्लबचे सभासद हौशी खेळाडू, आणि पैशासाठी खेळणारा 'प्रो' म्हणजे शिकवणारा, काठ्या दुरुस्त करणारा, थोडक्यात नोकर. त्याने क्लबच्या इमारतीत पाय ठेवायचा नाही. 1920 साली डील या गावी ब्रिटिश ओपन स्पर्धा होती, तेव्हा वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूला असंच आत येऊ दिलं नाही. त्याने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. मला हा माणूस फार आवडला. भांडला नाही, रडला नाही, मोटार लावली!

आपल्याकडे तर ही दरी आणखी रुंद. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. खेळ इतका जुना, पण इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा सुरू झाली 1964 साली. पहिल्या वर्षी जिंकला ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, ज्याने ती सुरू व्हावी म्हणून खटपट केली होती. दुसऱ्याच वर्षी, 1965 ला, बिल्लू सेठी हे आपले हौशी खेळाडू जिंकले. आणि मग? मग सव्वीस वर्षं एकही भारतीय नाही. 1991 साली जिंकला तो अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला मुलगा. दोन वर्षांनी, 1993 ला, त्याने ती पुन्हा जिंकली, म्हणजे पहिली काही नशिबाने मिळालेली नव्हती.

त्याच्यानंतर रांगच लागली. कोलकात्याचा शिव शंकर प्रसाद चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखण्याचं काम करत. या मुलाने 2008 साली दिल्लीत युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली, आणि 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. बंगळूरचा मुनियप्पा, तोही कॅडी, 2009 ची इंडियन ओपन जिंकला, तीही बरोबरी सुटण्यासाठीच्या जादा खेळात. आणि मला जवळचा वाटला तो महूचा मुकेश कुमार. महू म्हणजे आमच्या कॅम्पासारखंच छावणीचं गाव. या माणसाने देशातल्या देशात शंभराहून अधिक स्पर्धा जिंकल्या. बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. 2016 च्या डिसेंबरात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने आशियाई टूरची पहिली स्पर्धा जिंकली! एक्कावन्नाव्या वर्षी आमच्या शाळेत लोक निवृत्तीचा हिशोब करायला बसायचे.

हे वाचून मी फार खूश झाले. मुलाला फोन करून सांगणारच होते, की बघ, पिशव्या उचलणारी मुलं एवढी पुढे गेली, मग आपल्या पोराला तर सगळं आहे. पण तेवढ्यात मला मागच्या बाकावरचा तो आठवला.

1984-85 ची गोष्ट असेल. सातवीचा वर्ग. हा मुलगा सोमवारी हमखास गैरहजर. मंगळवारी यायचा तो खांद्यावर लाल वळ घेऊन आणि बाकावर डोकं ठेवून झोपायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, शनिवार-रविवार आणि जमलं तर सोमवारीही तो आमच्या भागातल्या एका गोल्फच्या मैदानावर बॅगा उचलायला जातो. घरी वडील नव्हते. मी काय केलं? पालकांना चिठ्ठी पाठवली, आणि भर वर्गात त्याला उभं करून म्हणाले, "लोकांची ओझी उचलूनच जन्म काढायचा आहे का तुला?" वर्ग हसला. तो नाही हसला. खाली मान घालून उभा राहिला. आज हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. त्या वेळी मात्र वाटलं होतं की आपण त्याच्या भल्याचंच बोलतो आहोत.

तो दहावीपर्यंत पोचला नाही. पुढे कधीतरी कानावर आलं की तो खेळायला लागला, स्पर्धांना जातो. मग काहीच नाही. आता चौकशी केली तर कळलं, आपल्या नाशिकजवळच राहतो, लोकांना गोल्फ शिकवतो. गेल्या आठवड्यात रिक्षा करून त्याच्याकडे गेले. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेले, पण मला बघितल्याबरोबर हातातलं काम टाकून वाकला. "बाई, तुम्ही इकडं कशा?" बायकोने चहा ठेवला. मी नातवाचं सांगितलं आणि म्हटलं, "मला सीझन म्हणजे काय ते समजावून सांग. आज तू शिकव, मी बाकावर बसते."

त्याने वहीचा कागद घेतला. (मागच्या बाकावर बसणाऱ्यांचा तोंडी हिशोब चांगला असतो, हा माझा अनुभव आहे.) म्हणाला, "बाई, हा खेळ आधी पैशाच्या बाजूने बघा, काठीच्या नंतर."

त्याने सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा खड्डे. सव्वाशेच्या आसपास खेळाडू. दोन दिवस झाले की यादी लागते आणि वरचे साधारण पन्नास जण पुढे जातात. याला 'कट' म्हणतात. जे कटच्या खाली राहिले त्यांना शून्य. कमी नाही, शून्य! एका फटक्याने राहिला तरी शून्य. पण त्याचं प्रवेश शुल्क गेलं, रेल्वेचं नाहीतर विमानाचं तिकीट गेलं, लॉजचं भाडं गेलं, आणि कॅडीला तर द्यावंच लागतं. पुढे गेलेल्या पन्नासात बक्षीस वाटलं जातं, पण सारखं नाही. एक कोटीची स्पर्धा असेल तर पहिल्याला पंधरा लाखांच्या आसपास, आणि तळाच्याला आठवड्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ. खालच्या टूरवर तर ही सगळी रक्कमच लहान. गाव मात्र तेवढंच लांब, आणि लॉजवाला काही खालची टूर म्हणून भाडं कमी घेत नाही.

"मग खालच्या टूरवर खेळायचंच कशाला?" मी विचारलं.

"जिना आहे ना बाई. वरच्या मजल्यावर जायला दुसरी वाट नाही."

हा जिना कसा बांधला गेला तेही मी वाचलं होतं, म्हणून त्याला सांगितलं. अमेरिकेत 1990 साली अशी दुय्यम टूर पहिल्यांदा नीट उभी राहिली. पहिल्या वर्षी तीस स्पर्धा, आणि वर्षअखेरीस कमाईत पहिल्या आलेल्या पाच जणांना मोठ्या टूरचं कार्ड. तिला नाव दिलं बेन होगनचं. पुढे प्रायोजक बदलले तशी नावंही बदलत गेली, पण पहिलं नाव मला फार समर्पक वाटतं. बेन होगन हा टेक्सासचा गरीब मुलगा, लहानपणी कॅडीच. 1930 साली, सतरा वर्षांचा असताना, तो पैशासाठी खेळायला लागला, आणि एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकली ती 1940 साली. मधली दहा वर्षं! पैसे संपले की घरी परत यायचं, मिळेल ते काम करायचं, थोडे साठले की पुन्हा निघायचं. 1938 साली ओकलंडच्या स्पर्धेत एका सकाळी बाहेर येऊन बघतो तर त्याच्या मोटारीची चाकंच चोरीला गेलेली. तरी तो दुसऱ्या कोणाच्या गाडीतून मैदानावर गेला, खेळला, आणि मिळालेल्या बक्षिसावर पुढचे दिवस निघाले. नंतर हाच माणूस जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला.

आपल्याकडे 2006 साली व्यावसायिक खेळाडूंनी मिळून पीजीटीआय ही संस्था काढली आणि देशातली टूर तिच्याकडे आली. 2010 मध्ये आशियाई टूरने आपली दुय्यम टूर सुरू केली. आणि 2024 साली पीजीटीआयने 'नेक्सजेन' नावाने खालची टूर काढली. त्याच वर्षी कपिल देव या संस्थेचे अध्यक्ष झाले. आमचे हे दिवाणखान्यात उभे राहून 1983 चा विश्वचषक बघत होते तेव्हाचा तो कपिल देव! असो. म्हणजे आता जिन्याला खालची पायरीही झाली.

माझं सगळं सांगून झालं तेव्हा तो गप्प बसला होता. मग म्हणाला, "बाई, मी नव्वदच्या दशकात दोन सीझन खेळलो. तेव्हा ही खालची पायरी नव्हती. एकदम वर उडी. पहिल्या वर्षी चार वेळा कट पार केला. दुसऱ्या वर्षी दोनदा एका फटक्याने राहिलो. लखनौला स्टेशनवर झोपलो, कारण लॉजला दिले असते तर परतीचं तिकीट निघालं नसतं. सकाळी अंग आखडलेलं. पहिल्याच खड्ड्यावर दोन फटके जास्त गेले. ते दोन फटके झोपेचे होते, माझे नव्हते."

मी काहीच बोलले नाही.

"लोक म्हणतात मी हरलो. मी हरलो नाही बाई. माझे पैसे संपले."

मंडळी, मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. या एका वाक्याने मला माझ्याच वहीत लाल शेरा मारल्यासारखं झालं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी अली शेर, चौरसिया, मुनियप्पा, मुकेश कुमार यांची नावं पुन्हा आठवत होते. प्रत्येकाची गोष्ट खरी, प्रत्येकाचं कर्तृत्व खरं. पण मी त्या गोष्टींतून काढलेला धडा खोटा होता. "गरिबीतूनही वर येता येतं" असं मी म्हणणार होते. जे वर आले त्यांचीच नावं इतिहासात येतात, म्हणून तसं दिसतं. ज्यांचे पैसे लखनौच्या स्टेशनवर संपले, त्यांची यादी कोण ठेवतो? जय-पराजयाच्या सनावळ्या मी मुलांकडून पाठ करून घेतल्या. एखादा पराजय हा खरं तर संपलेल्या रसदीचा असतो, हे पानिपतच्या धड्यात दरवर्षी शिकवूनही मला स्वतःच्या वर्गात कळलं नाही.

अर्जुन अटवाल या आपल्या खेळाडूचं उदाहरण घ्या. 2010 साली दुखापतीनंतर त्याच्या हातून अमेरिकेच्या मोठ्या टूरचं कार्ड गेलं होतं. विंडम चॅम्पियनशिपला तो सोमवारची पात्रता फेरी खेळून आत शिरला आणि रविवारी स्पर्धाच जिंकला. त्या टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. सहा दिवसांत सगळं पालटलं, असं आपण म्हणतो. पण त्या सोमवारी तो तिथे हजर होता, खेळण्याच्या स्थितीत होता, हे महत्त्वाचं. सोमवारपर्यंत टिकणं हीच मोठी गोष्ट आहे.

आणि आपला पुण्याचा उदयन माने. देशातल्या टूरवर दहाहून अधिक स्पर्धा जिंकलेला. टोकियो ऑलिंपिकच्या यादीत त्याचं नाव आधी बसत नव्हतं, तो राखीव होता. 2021 च्या जुलैमध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि ऐनवेळी याला बोलावणं आलं. टीव्हीवर मराठी आडनाव दिसलं तेव्हा नातवाने मला मुद्दाम उठवून बसवलं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक चौथी आली आणि सगळ्या देशाला एक दिवस गोल्फ कळला! मी तेव्हा नातवाला विचारलं होतं, "हा राखीव होता तर मग रोज सराव कशाला करत होता?" तो म्हणाला, "आजी, बोलावणं आल्यावर सराव करता येत नाही." तेव्हा मला ते उत्तर पोरकट वाटलं होतं.

आमच्या कॅम्पातल्या त्या गोऱ्या शिपायांचं डोकं फिरलं, कारण त्यांच्या हातात काहीच नव्हतं. जहाज कोणीतरी दुसरा पाठवणार. या मुलाच्या हातात निदान काठी आहे. दोन्ही वाट बघणंच, पण एक नाही.

निघताना मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, "मग देऊ का पैसे?"

तो म्हणाला, "द्या. पण दोन गोष्टी. एक, परत मागू नका, आणि परत मागणार नाही असं त्याला आधीच सांगा. खेळताना आजीचे पैसे डोक्यात आले की तीन फुटांचा पटसुद्धा जात नाही. दुसरं, त्याला सांगा, कॅडीला आधी द्यायचं. कट हुकला तरी. स्वतः उपाशी राहिला तरी."

"आणि हरला तर?"

"हरला तर कळेल ना की हरला. ते कळण्यापुरते तरी पैसे असावेत, एवढंच." मग जरा थांबून हसत म्हणाला, "बाई, तुम्ही तेव्हा म्हणाला होता, ओझी उचलूनच जन्म काढायचा का. तसाच काढला बघा. पण वाईट नाही गेला."

मी त्याची माफी मागायला गेले होते असं नाही. पण मागितली. चाळीस वर्षं उशिरा का होईना. तो "अहो बाई, काय हे" म्हणत उठून आत गेला, आणि त्याच्या बायकोने मला आणखी एक कप चहा दिला.

घरी येऊन मुलाला फोन केला. त्याने सगळा हिशोब ऐकून घेतला. नातवाने केलेल्या अंदाजाप्रमाणे दहा स्पर्धांना साधारण पाच लाख लागतील. ठेव सुटते आहे ती त्याहून थोडी जास्त आहे. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या आजारपणाचे पैसे आहेत ते." मी म्हटलं, "आजारपणाला वेगळे आहेत. हे माझ्या पगारातले आहेत, आणि पगार मला मुलांना शिकवण्याचा मिळत होता. एका मुलाला शिकवायचं राहून गेलं, दुसऱ्याला शिकू दे." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एक वर्ष. नंतर नोकरी." मी म्हटलं, "ते त्याला नंतर विचारू. बेन होगनला दहा लागली होती." "आई, तू त्याला हे नाव सांगू नकोस!" म्हणाला, पण हसला.

नातवाला मात्र मी एक अट घातली आहे, जी विद्यार्थ्याने सांगितली नव्हती. दर स्पर्धेनंतर मला पत्र लिहायचं, कागदावर, मराठीत. किती फटके झाले ते नको, ते मोबाइलवर दिसतं. कट कोणाचा हुकला, तो मुलगा कुठला, त्याचा कॅडी कोण होता, परत कसा गेला, ते लिहायचं. हारलेल्यांची यादी कोणीतरी ठेवायला हवी ना. आमच्या घरात एक वही कोरी आहे.

पहिली स्पर्धा कुठे ते अजून त्याला नक्की कळलेलं नाही. कळलं की सांगेनच. तोवर वाट बघणं आलंच, आणि देवळालीकरांना त्याची सवय आहे.